सावंत वहिनींचं पातेलं

परवा संध्याकाळी मी सावंत वहिनींशी भांडायला पायात चपला घालून तयार होते. डोंबिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला खाली राहतात. इतक्या वर्षांत भांडायला कारणं कमी नव्हती, पण परवाचं कारण माझी सून होती.

रुता लिथुआनियाची. निनादशी, म्हणजे माझ्या मुलाशी लग्न करून गेल्या पावसाळ्यानंतर इथे आली. मराठी बोलते बऱ्यापैकी, वाचता मात्र येत नाही अजून.

मध्यंतरी तिच्या तिकडच्या ऑफिसने तिला परत बोलावलं. ती गेली तर निनादही जाणार हे उघडच होतं. महिनाअखेर कळवायचं होतं आणि घरात आम्ही तो विषय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत होतो...

बिल्डिंगने तिचे लाड करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. हळदीकुंकवाला सगळ्याजणी सतरंजीवर, हिला खुर्ची. लिफ्टचं दार धरलं तरी "थँक्यू हं बेटा, थँक्यू". मला वाटायचं, माणसाला आणखी काय हवं?

तर परवा सकाळी वहिनी माजिवड्याला लेकीकडे निघाल्या आणि बसमध्ये बसल्यावर त्यांना आठवलं, दूध गॅसवरच राहिलं. त्यांच्या घराची एक चावी आमच्या दारामागच्या खिळ्याला असते. मी नेमकी अंघोळीला गेलेली, म्हणून माझा फोन रुताने उचलला. "चावी घे नि पळ, दूध राहिलंय गॅसवर," एवढं सांगून वहिनींनी फोन ठेवला.

पोरगी ऑनलाइन मीटिंग सोडून अनवाणी पळाली. पातेल्याच्या बुडाचा कोळसा, घरभर धूर... तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, ओटा पुसला आणि ते पातेलंही घासून ठेवलं.

संध्याकाळी वहिनी वर आल्या. मला वाटलं, दोन गोड शब्द बोलायला आल्या असतील.

"तारेच्या घासणीने घासलंस होय गं? चरे पडले बघ पातेल्याला. भिजत घालायचं असतं. आणि फडकं असं बोळा करून सिंकमध्ये टाकतात? पिळून वाळत घालावं." मग जाता जाता, "उद्या चारला खाली ये. लोणच्याच्या कैऱ्या चिरायच्यात, माझा खांदा दुखतोय." गेल्या.

माझं डोकं सणकलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत कुणी पडलेली पेन्सिल उचलून दिली, तरी सिस्टर थँक्यू म्हणायला लावायच्या. बँकेत तर माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या कस्टमरलाही मी थँक्यू म्हणत आले. आणि या बाईचं घर जळता जळता वाचवलं, तर वर घासणीवरून बोलणी...

मी चपला घातल्या. रुता दारात आडवी उभी राहिली. हसत होती.

"आई, नका जाऊ. त्या मला थँक्यू नाही म्हणाल्या."

"त्यासाठीच चाललेय."

"त्या तुम्हालाही नाही म्हणत. मी बघते ना. इथे घरातलं कुणी कुणाला म्हणत नाही. फक्त मला म्हणतात." जरा थांबली. "तुम्हीपण. निनादने चहा दिला की तुम्ही म्हणता, साखर कमी आहे. मी दिला की, थँक्यू रुता."

मी चपला काढल्या. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, असं क्वचित होतं.

काल ती कैऱ्या चिरून आली ती कापलेल्या बोटाला हळद लावूनच. विळीवर बसायची अजून अक्कल नाही, असं वहिनी म्हणाल्या म्हणे. हे तिने आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं.

रात्री निनाद म्हणाला, तिने ऑफिसला नकार कळवून टाकला. पातेल्यामुळे, असं मी म्हणणार नाही. पण इतके दिवस ती मेल लिहून होत नव्हती, एवढं खरं.

आज सकाळी तिने चहा आणला. थँक्यू अगदी ओठांवर आलं होतं... ते गिळलं आणि म्हटलं, "आलं जास्त झालंय गं." तिने माझाच कप उचलून एक घोट घेतला आणि म्हणाली, "काही जास्त नाही. प्या."

मी मुकाट्याने प्यायले.

वहिनींचे आभार मानायला मी खाली जाणार नाही. त्यांनाच ते आवडायचं नाही. पण रुताला अजून मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहून टाकते... थँक्यू, पोरी. तिला वाचून दाखवू नका कुणी.