हातोड्याचे वळ

त्यांचं खरं नाव त्यांच्या आईला ठाऊक होतं, आणि आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाकी सगळे त्यांना नाडीवैद्य म्हणत. गाडी दारात आली की हा माणूस आधी पान्याला हात लावत नसे. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे डोळे मिटायचे. मग उठून सांगायचं, दुखणं कुठं आहे ते. त्यांचं निदान चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

गॅरेज म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला टाकलेलं पत्र्याचं छप्पर. आतल्या खोलीत बायको गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिचं मशीन आणि यांची ठोकाठोक दिवसभर एकमेकांशी बोलत, म्हणून ती दोघं फार बोलत नसत.

वैद्यांचे धंद्यातले नियम दोनच. दिलेली वेळ मोडायची नाही आणि बेअरिंगला हातोडा दाखवायचा नाही. जुन्या बैलजोडीसारखे हे दोन नियम वर्षानुवर्षं एका चालीनं चालत आले होते. घड्याळजींच्या गाडीपाशी मात्र त्यांनी दोन दिशांना ओढ घेतली.

घड्याळजी बाजारपेठेच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचे; पुढं दुकान, मागं घर. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच चैन केली, ती ही गाडी. लाल, बुटकी, दोन माणसांपुरती स्पोर्ट्स कार. आता गाडी म्हातारी झाली होती आणि घड्याळजीही. जवळचं त्यांना अजून लख्ख दिसे, लांबचं धुक्यात जाई. मग त्यांनी स्टीअरिंग सुनेच्या हाती दिलं. सख्ख्या मुलाला दिलं नाही, कारण त्याला ब्रेकखेरीज काही ठाऊक नाही, असं ते म्हणत. संध्याकाळी सून गाडी चालवायची आणि सासरे शेजारी बसून तलावाला फेरी मारायचे. बघणाऱ्यालाही बरं वाटे.

एके दिवशी सून गाडी घेऊन आली. पुढचं उजवं चाक घुमत होतं. डावीकडे वळलं की सूर चढायचा, उजवीकडे वळलं की उतरायचा. वैद्यांनी चाक वर उचललं, वरखाली धरून हलवलं, तर हलणाऱ्या दातासारखं डुगडुगलं. स्प्रिंगवर तळवा ठेवून चाक फिरवलं, तर तळव्याला वाळू दळल्यासारखं लागलं. बेअरिंग झिजलं होतं. त्यात कुणाचा दोष नव्हता, वयच झालं होतं त्याचं. संध्याकाळी फेरीच्या वेळेला गाडी देतो, असं वैद्य म्हणाले.

बेअरिंग म्हणजे काय, तर एका कड्यात दुसरं कडं आणि मध्ये पोलादी गोळ्या. बाहेरचं कडं चाकाच्या घरात घट्ट बसवायचं असतं. ते प्रेसच्या दाबयंत्राखाली धरून, फक्त त्या बाहेरच्या कड्यावर दाब देत, सावकाश. दाब चुकून आतल्या कड्यावर पडला तर तो गोळ्यांमधून जातो, आणि गोळी टेकलेली असते तिथं पोलादात खळी पडते. डोळ्याला दिसणारही नाही एवढी. पण चाकाला ती कळते.

प्रेस होता समोरच्या, लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे. हा लेथवाला म्हणजे वैद्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. दोघांच्या दारांमध्ये बारा पावलांचा रस्ता, पण त्या दिवसांत त्या रस्त्यावर अबोला पसरला होता. निमित्त एका भंगार गिअरबॉक्सचं, वैद्यांच्या दारात पडलेला तो कुणी उचलायचा याचं. आधी कोण बोलणार, यावर सगळं अडलेलं. वैद्यांनी दुपारभर त्या दाराकडे पाहिलं. मेव्हणा दारातच बसला होता. हाक मारली असती तर आला असता.

हाक काही निघाली नाही. ऊन उतरलं तसा वैद्यांनी नळीचा तुकडा घेतला, बेअरिंगवर ठेवला आणि हातोडा उचलला. नळी लहान होती, आतल्या कड्यावर बसत होती. हे त्यांना दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं पुढं त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण मन काही फसलं नाही. आत शिवणाचं मशीन मध्येच थांबलं. बायकोला हातोड्याचा कुठला आवाज कशाचा, हे कळत असे. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी गाडी वेळेवर गेली. चाक गप्प होतं.

महिनाभर गेला आणि चाक पुन्हा घुमू लागलं. या वेळी घड्याळजी स्वतः आले. सून मागे उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. घड्याळजींनी सांगितलं की पुलाजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली होती, तेव्हापासूनचं हे असणार. मग त्यांनी विचारलं, "खड्ड्यानं बेअरिंग जातं ना, वैद्य?"

"जातं की," वैद्य म्हणाले.

खोटं नव्हतं. खड्ड्यानं बेअरिंग जातंच. पण तो शब्द तोंडातून सुटला आणि सुनेची मान खाली गेली. ती वैद्यांना हळूच म्हणाली, "मामा, हात जड आहे माझा. मलाही वाटतच होतं." घड्याळजींनी गाडीची किल्ली सुनेच्या हातात न देता आपल्या खिशात टाकली. एवढंच. त्या माणसाच्या रागाला आवाज नसे.

त्या संध्याकाळी वैद्यांनी बारा पावलांचा रस्ता ओलांडला. मेव्हण्यानं प्रेसचं फडकं काढलं आणि नवं बेअरिंग लोण्यात सुरी जावी तसं बसवून दिलं. जुनं हातात घेऊन फिरवलं, कानाशी नेलं आणि भुवई वर केली.

"दाजी, या बिचाऱ्याला मारलं कुणी?"

वैद्य प्रेसचं फडकं झटकू लागले. मेव्हण्यानंच ते लेथवर धरून कापलं आणि बाहेरचं कडं त्यांच्या तळहातावर ठेवलं. खड्ड्यानं मार बसला तर वळ एका अंगाला उठतात. महिनाभर फिरून त्या खळ्या डोळ्याला दिसतील एवढ्या झाल्या होत्या, आणि हे वळ चहूकडे होते, पेरणी केल्यासारखे, सारख्या अंतरावर. मेव्हण्यानं आणखी विचारलं नाही. गिअरबॉक्स मात्र त्यानं मुकाट्यानं उचलून आपल्या दारात नेला. वैद्यांना ते जास्त लागलं.

गाडी परत गेली, पण फेऱ्या थांबल्या. संध्याकाळी घड्याळजी दुकानापुढं खुर्ची टाकून बसत आणि तलावाकडे जाणारा रस्ता बघत. तो त्यांना दिसत नसे, तरी बघत. वैद्य तिकडून जाताना मान वळवून घेत.

मग एक दिवस बायकोनं जेवताना सांगितलं. घड्याळजींच्या सुनेला वाचनालयानं विचारलंय. त्यांची पुस्तकांची गाडी असते ना, वाड्यावस्त्यांवर फिरणारी, ती चालवायला बाई हवी आहे. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. ती नाही म्हणणार आहे. म्हणते, सासऱ्यांची एक गाडी सांभाळता आली नाही, लोकांची काय सांभाळू.

वैद्यांचा घास हातातच राहिला.

बायको ताटाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मशीन थांबवून मी उठायला हवं होतं. मीही बसूनच राहिले." आणि तिनं त्यांच्यापुढचं ताट उचललं. "आधी जाऊन या. जेवण परत आल्यावर."

घड्याळजी दुकान आवरत होते. वैद्यांनी कापलेलं कडं काचेच्या टेबलावर ठेवलं. घड्याळजींनी सवयीनं भिंग डोळ्याला लावलं, दिव्याखाली कडं फिरवलं. एक वळ, दुसरा, तिसरा. असं पूर्ण फिरवून जिथून सुरू केलं तिथं आले. आयुष्यभर दातेरी चाकं बघितलेला माणूस. त्याला समजावून सांगायचं काय उरलं होतं?

"नळी लहान होती," वैद्य म्हणाले. "मला दिसत होतं. मेव्हण्याला हाक मारायची नव्हती, म्हणून ठोकलं. पोरीचा काही दोष नाही."

घड्याळजींनी भिंग काढलं नाही. एक डोळा मोठा, एक लहान, असे ते वैद्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला कशाला सांगता? ती मागच्या खोलीत आहे."

मागच्या खोलीत सून कपड्यांच्या घड्या घालत होती. वैद्यांनी तेच पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता. हातातली घडी तिनं मोडली, परत घातली, परत मोडली.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "मी रोज अंथरुणावर पडले की तो खड्डा आठवायचे. तो होता तेवढाच होता, पण माझ्या मनात विहिरीएवढा झाला होता. आणि तुम्ही समोरून रोज जात होतात."

वैद्यांनी माफी मागितली, ती तिनं घेतली की नाही, हे त्यांना कळलं नाही. बाहेर आले तेव्हा घड्याळजींनी किल्ली टेबलावर काढून ठेवली होती. ती वैद्यांसाठी नव्हती. ते घरी गेले. बायकोनं ताट पुन्हा वाढलं.

सकाळी लाल गाडी गॅरेजसमोरून गेली. सून एकटीच होती आणि गाडी वाचनालयाच्या दिशेनं चालली होती. वैद्यांनी डोळे मिटून कान दिला. उजवं चाक काही बोललं नाही.

घड्याळजी पुढंही सुनेबरोबर गाडी त्यांच्याकडेच आणत राहिले. पण चाकाचं काम निघालं की मेव्हण्याच्या प्रेसजवळ उभं राहून, भिंग खिशात ठेवून, शेवटपर्यंत बघत. पूर्वी ते गाडी सोडून निघून जायचे. वैद्यांनी कधी बसा म्हटलं नाही, की जा म्हटलं नाही. हे आपल्याला मिळायला हवं होतं तेवढंच मिळालं, असं त्यांना वाटे.

वर्षभरानं पुस्तकांची गाडी गॅरेजात आली. मागचं डावं चाक घुमत होतं. सून उतरली, उन्हानं रापलेली, आवाजात मोकळेपणा आलेली.

"बेअरिंगच दिसतंय," ती म्हणाली. "मामा, आधी तो हातोडा बाहेर ठेवा बघू."

ती हसत म्हणाली होती. समोरचा मेव्हणाही हसला. वैद्यांनी मात्र हातोडा उचलला, बारा पावलं चालत गेले आणि तो लेथवाल्याच्या दारात ठेवून आले.