अर्ध्या काचेवरचं काजळ

त्या वर्षांत नांदूरघाटात ज्यानं म्हणून नवी मोटारसायकल घेतली, त्याला शिवगंगाबाईच्या किराणा दुकानावरून सरळ पुढं जाता आलं नाही. पूजेचा नारळ तिच्याकडंच घ्यायचा, हार-उदबत्ती तिच्याकडंच. मग ती हातातलं काम टाकून खाली उतरायची. तांब्याच्या वाटीत काजळ असायचं, समईवर ताट उपडं धरून पाडलेलं आणि बाभळीच्या डिंकात कालवलेलं. गाडीच्या पुढच्या दिव्याची वरची अर्धी काच ती बोटानं काळी करायची. कोण काय म्हणतंय तिकडं बघायचीसुद्धा नाही.

"काकू, नव्या गाडीला मोतीबिंदू केला की वो तुमी!" समोरचा पंक्चरवाला राधाकिशन ओरडायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"असू दे. निम्म्या डोळ्यानं बी घर गावतंय."

लोक हसायचे, पण गाडी पुढं करायचे. विधवा बाईनं नव्या गाडीला हात लावावा का, यावर दोघी-तिघी म्हाताऱ्या पुटपुटल्या खऱ्या. मग त्यांनीच नातवांच्या गाड्या तिच्याकडं धाडल्या. गावानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की गंगाकाकू गाडीची दृष्ट काढते. नव्या वस्तूला नजर लागतेच, आणि नजरेला काजळ हेच औषध. आता दृष्टीचं काजळ काय जन्मभर ठेवायचं असतं? आठ दिवसांत मंडळी ओढ्यावर गाडी धुवायची, काच लखलखीत करायची आणि हौस म्हणून मडगार्डला एक काळा ठिपका ठेवायची. संध्याकाळी तीच गाडी दुकानासमोरून जायची तेव्हा उजेड पुन्हा माणसाच्या डोळ्यांत. शिवगंगाबाई दुकानातून ते बघायची. पुढच्या गाडीसाठी पुन्हा समई लावायची.

खरं कारण गावाला निम्मंच माहीत होतं. उरलेलं निम्मं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मराठवाड्यात तेव्हा सगळं एकदम यायला लागलं होतं. एसटीडीचे पिवळे बूथ आले, घरावर टीव्हीच्या छत्र्या आल्या, तिच्याच दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. आणि आल्या ह्या नव्या मोटारसायकली. कंपनीनं दिलेला दिवा पोरांना पुरेना, म्हणून ती बीडहून मोठे हॅलोजन आणून बसवायची. समोरच्याचे डोळे जितके दिपतील तितकी आपली गाडी भारी, असा हिशोब. त्यात एक खोडी होती. समोरून गाडी आली की दिवा खाली करायचा, डिपर मारायचा, पण आधी कुणी मारायचा? जो आधी मारेल त्यानं माघार घेतली. मिशीला पीळ देणारी माणसं अशी डोळ्यांत डोळे घालून समोरासमोर यायची, जशी काही कुस्तीच लागली आहे. मूर्खांचा बाजार नुसता!

शिवगंगाबाईच्या नवऱ्याला, गुंडप्पाला, मिशीचं वेड नव्हतं. तो लुनावर हिंडायचा. लुनाचा दिवा पणतीएवढा. चढ आला की तो बायकोला उतरवायचा, वर जाऊन थांबायचा, आणि ती धापा टाकत आली की म्हणायचा, "बसा सरकार." कारण गाडी तो चालवायचा असं फक्त दिसायचं. "अहो, खड्डा." "अहो, कुत्रं." "अहो, हळू." मागं बसलेल्या शिवगंगाबाईचं तोंड अखंड चालू. आणि पुढून प्रत्येक वेळी एकच उत्तर, "बरं सरकार." तिनं सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही, असं उभ्या संसारात झालं नाही. गावात चेष्टा व्हायची. तिला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी दोघं केजहून माल घेऊन येत होती. दिवेलागणीची वेळ. तिच्या मांडीवर तेलाचा डबा. चढावरून एक मोटारसायकल वर आली आणि सगळं पांढरं झालं. रस्ता नाही, झाडं नाहीत, नवऱ्याची पाठसुद्धा नाही. तिला काहीच दिसत नव्हतं, तरी तोंड सवयीनं बोललं. "अहो, डाव्या अंगाला घ्या!"

डाव्या अंगाला बिनकठड्याच्या पुलाची कड होती.

ती मनगट मोडून वाचली. तो खाली कोरड्या ओढ्यात दगडावर पडला. मोटारसायकलचा आवाज थांबला नाही, कमीसुद्धा झाला नाही.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. कपाळाला विभूती, मांडी घातलेली, पाठ ताठ. माती लोटताना ती नेमकी त्याच्या मागं उभी राहिली होती, लुनावर असायची त्याच जागी. तिला वाटलं, हा अजून वाट बघतोय, मी काहीतरी सांगावं म्हणून. ती जी तिथून मागं सरली, ती थेट घरी येऊनच थांबली.

गावानं त्या पळून गेलेल्या माणसाला शिव्यांची लाखोली वाहिली. "काकू, तुमचा काय दोष?" म्हणत बायका गळ्यात पडल्या. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पहिल्या दिवशी न सांगितलेली गोष्ट दहाव्या दिवशी सांगणं अवघड असतं, आणि वर्षानं तर ती सांगायची सोयच उरत नाही.

दुकान नेमकं वळणावर. दिवस मावळला की येणाऱ्या प्रत्येक गाडीचा उजेड आत घुसायचा. साखरेच्या बरण्या, तराजू, गुंडप्पाचा फोटो, एकेकावरून सरकत तो भिंत ओलांडून जायचा. आणि उजेड फोटोवरून गेला की तिला मागून ऐकू यायचं, "बरं सरकार." ओरडून नाही, रागानं नाही. जन्मभर म्हणाला तसंच, निमूट. राग असता तर बरं झालं असतं. भुताला घाबरायची ती बाई नव्हती. ती घाबरायची त्याच्या त्या निमूट ऐकण्याला.

कारण तिला आठवतच नव्हतं. त्या संध्याकाळी तो खरंच "बरं सरकार" म्हणाला होता का? त्यानं आपल्या मनानं हँडल वळवलं आणि मग ती ओरडली, की ती ओरडली म्हणून त्यानं वळवलं? कधी तिला वाटायचं, आधी गाडी कलली. दुसऱ्या दिवशी तितक्याच खात्रीनं वाटायचं, आधी आपण बोललो. हे एक कळलं असतं तर ती कशीही जगली असती. तेवढंच कळत नव्हतं. म्हणून काजळ. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे तिला समजत नव्हतं असं नाही. पण दिवे काळे करत असताना दोष दिव्याचाच आहे असं निदान हाताला तरी वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. थंडीच्या दिवसांतल्या एका संध्याकाळी एक अनोळखी माणूस दुकानासमोर थांबला. गाडी जुनी, पण दिव्याची वरची अर्धी काच ऑइल पेंटनं आधीच काळी केलेली, आणि रंगही पोपडे धरण्याइतका जुना. शिवगंगाबाईचा हात तराजूवर थांबला.

"नारळ पायजे का?"

"न्हाई माय. पाणी द्या."

त्यानं तांब्या घेतला, पण प्याला नाही. "मी पालीचा. त्रिंबक म्हणत्यात. बीडच्या स्टँडवर ऐकलं, नांदूरघाटात एक बाई दिव्यांना काजळ लावती. तिचा मालक असाच उजेडानं गेला म्हणं, केजच्या रस्त्याला." त्यानं तांब्या खाली ठेवला. "ती गाडी माझी व्हती, माय."

इतक्या वर्षांत या माणसासाठी तिनं किती शिव्या साठवून ठेवल्या होत्या. एकही वर आली नाही. तिनं शेंगदाण्याच्या पोत्याकडं बोट केलं. तो बसला आणि रडायला लागला, धोतराचा सोगा तोंडात कोंबून. तिला त्याची दया आली नाही. तिला फक्त घाई झाली.

"रडणं ऱ्हाऊ द्या. एक सांगा. त्यांनी हँडल कवा वळवलं? मी वरडायच्या आदी का मागनं?"

त्याला कळेना. तिनं पुन्हा विचारलं, जवळ येऊन, त्याच्या खांद्याला धरून. साऱ्या जगात हे बघितलेला हा एकच माणूस होता.

"मला काय दिसलं न्हाई, माय," तो म्हणाला. "समोर बारका दिवा दिसला तेवढाच. मी म्हणलं, आदी ह्यो डिपर मारंल, मंग मी मारीन. मी वाट बघत ऱ्हायलो. लुनाला डिपर नसतो, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई. मागं आवाज झाला. मी वळून बगितलं न्हाई."

उजेड ज्याचा होता, त्यालाही दिसलं नव्हतं. शिवगंगाबाईचा हात खांद्यावरून गळून पडला. म्हणजे आता कधीच कळणार नाही. ती गल्ल्याला टेकून उभी राहिली, आणि मग ते तिच्या तोंडून आपसूकच गेलं, कुणी भाव विचारल्यावर सांगावा तसं.

"म्या त्यांना म्हणलं, डाव्या अंगाला घ्या. मला दिसत नव्हतं तरी म्हणलं. ते माजं ऐकायचे."

त्रिंबकनं मान वर केली. ओल्या डोळ्यांत एकदम एक हाव आली. बुडणाऱ्याला काठ दिसावा तशी.

"मंग," तो हळूच म्हणाला, "मंग मी सुटलो का, माय?"

सोडणं तिच्या हातात होतं. 'व्हय' म्हटलं असतं तर तो पालीला जाऊन निवांत झोपला असता आणि ती इथं एकटी उरली असती. 'तुमीच मारलं' म्हटलं असतं तर तिची सुटका झाली असती, गावानं तर ती केव्हाच केली होती. तिनं दोन्ही शब्द तोंडात घोळवून बघितले. एकही खरा लागेना.

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "तुमी कशानं सुटताव? आता ह्यात आपण दोघं बी हाव."

तो उठला नाही. दुकान बंद करायची वेळ झाली होती, पण तिनं फळ्या लावल्या नाहीत. त्याच्यासमोर दुसरं पोतं ओढलं आणि बसली.