चवीला बसणारी वहिनी

आमची थोरली वहिनी गेली त्याला आता अडीच महिने होतील. भेटायला येणारी माणसं विचारतात, हॉटेलात त्या काय बघायच्या? स्वयंपाक दादा करायचा, गल्ला नि गिऱ्हाईक धाकटा भाऊ बघायचा, पोळ्या लाटायला एक बाई होत्या, मग वहिनी काय करायची? आता खरं सांगायचं तर वहिनी जेवायची. रोज सकाळी अकराला खिडकीजवळच्या टेबलाशी बसून वाटीभर डाळ, मूठभर भात नि दोन्ही भाज्या चमचा चमचा. हसू नका. ते जेवण कशाला होतं हे घरात असून आम्हालाच चार वर्षं कळलं नाही, तर बाहेरच्याला कुठून कळणार.

हॉटेल म्हणजे काही मोठं नाही. कॉलेजच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की एक बोळ लागतो, त्यात झेरॉक्सचं दुकान, सायकलवाला नि मधे तीन पायऱ्या उतरून आमचं. सात टेबलं. भिंतीला पंखे, एक कायम खडखडणारा. डाळ, भात, दोन भाज्या, पोळ्या, ताक, एवढंच आपलं जेवण, पण साडेअकराला दार उघडलं की पोरं अशी घुसायची की पायऱ्यांवर दप्तरांचा ढीग लागायचा. पुस्तक उघडं ठेवून जेवणारी, चार जणांत दोन ताटं घेऊन बसणारी, भांडण करून वेगवेगळ्या टेबलांवर बसलेली नि भात संपायच्या आत पुन्हा एकत्र आलेली. घर लांब असलेली पोरं सगळी. कोणाच्या वहीत बघितलं तर प्रत्येक पानावर डाळीचा ठिपका.

आणि त्या आधी अर्धा तास वहिनी एकटी जेवत बसलेली. धाकटा गल्ल्याच्या खुर्चीवरून चिडवायचा, “मालकीणबाईंचं आटपलं की दार उघडू का?”

वहिनी मान वर न करता म्हणायची, “भावजी, तुम्ही सकाळी घरून तीन पोळ्या दाबून येता ते कोणी विचारलं का?”

तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती.

आता ह्याची सुरुवात कशी झाली ते सांगायला पाहिजे. दादाला मोठा ताप आला होता, पंधरा दिवस उठला नव्हता. बरा झाला, कामावर आला, सगळं पहिल्यासारखं. एका सकाळी वहिनीनं घरी चहा केला नि साखर घालायची राहिली. तिनं स्वतः एक घोट घेतला नि थुंकला. बघते तर दादा अर्धा कप प्यायलेला.

“कसा झालाय?” ती म्हणाली.

“छान झालाय.”

संध्याकाळी तिनं त्याच्या भाजीत मुद्दाम मीठ दुप्पट टाकलं. दादानं निवांत खाल्ली, वर अजून मागितली. तेव्हा ती त्याच्यासमोर बसली नि म्हणाली, “अहो, किती दिवस झाले?”

दादानं ताट बाजूला केलं. तापापासून. वास नाही, चव नाही, गरम नि गार तेवढं कळतं. दोन महिने तो नुसत्या हाताच्या सवयीवर दीडशे माणसांचं रांधत होता. पण सवयीला काय, डाळ रोज वेगळी, पाणी रोज कमीजास्त, टोमॅटो एक दिवस आंबट तर एक दिवस गवत. आधी तो पळीनं तळहातावर थेंब घेऊन चाटायचा नि मग हात चालायचा. आता थेंब घ्यायचा, चाटायचा, लोकांना दाखवायला, आणि अंदाजानं मीठ टाकायचा.

“भावजींना सांगूया,” वहिनी म्हणाली.

“सांग. उद्या तो आचारी आणेल. दादा तू बस आता, म्हणेल. प्रेमानं म्हणेल, पण म्हणेलच. आणि मी चुलीपाशी नाही तर काय करू? टेबलं पुसू?”

दादा असा कधी बोलत नाही. दहा शब्दांत दिवस काढणारा माणूस. वहिनीनं त्याचं ताट उचललं नि म्हणाली, “जेवायचं काम माझ्याकडे द्या.”

तर ते हे जेवण. वाढायची खिडकी बरोबर तिच्या टेबलासमोर, आत दादा. बोलायची सोय नाही, कारण शेजारी धाकट्याचे कान नि आत पोळीवाल्या बाईंचे. म्हणून खुणा. मधेच पाणी प्यायली तर खारट. चमच्यानं वाटीच्या कडेला वाजवलं तर मीठ कमी. रुमालानं तोंड पुसून उठली की झालं, दार उघडा. तिखट-आंबटाच्या पण होत्या, पण त्या दोघांनाच माहीत. लग्नाला तीस वर्षं झालेली माणसं, एकमेकांकडे बघत पण नाहीत असं आम्हाला वाटायचं. आणि हे रोज चालू होतं.

मजा म्हणजे वहिनीला डाळ लहानपणापासून आवडत नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्या आठवड्यात ओळखलं होतं, ही डाळ भातात लपवते. पण त्याच वहिनीनं चार वर्षं एक दिवस न चुकता वाटीभर डाळ खाल्ली. खोकला असला तरी, दात काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी पण.

मग गेल्या वर्षी तिचं बीपी निघालं. डॉक्टरीणबाईंनी दम दिला, मीठ बंद करा, पापड लोणचं बंद, नाहीतर माझ्याकडे येऊ नका. वहिनी घाबरली. घाबरली म्हणजे स्वतःसाठी नाही, आपण पडलो तर अकराला कोण बसणार म्हणून. घरी त्या दोघांचं जेवण तिनं पार आळणी करून टाकलं. दादाला काय, त्याला सगळं सारखंच. पहिला आठवडा तिला घशाखाली उतरेना, मग सवय झाली, मग तर तिला वाटायला लागलं की ह्यातच खरी चव आहे, लोक उगाच मीठ टाकतात.

इथंच घोळ झाला बघा. हॉटेलातली डाळ तिला खारट लागायला लागली. ती पाणी प्यायची, दादा दुसऱ्या दिवशी चिमूट कमी करायचा. महिन्यानं तेवढी पण खारट लागली, पुन्हा पाणी, पुन्हा चिमूट कमी. दादाचा तिच्यावर देवासारखा विश्वास. हात त्याला सांगत होता की बाबा हे कमी पडतंय, पण खिडकीतून ती पाणी पिताना दिसली की तो हाताचं ऐकायचा नाही.

टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या धाकटा आधी आठवड्यानं भरायचा, त्या रोज भरायला लागल्या. ताटात भाजी उरायला लागली. दप्तरांचा ढीग बारीक झाला. समोरच्या सँडविचवाल्याकडे आमची पोरं उभी दिसायची नि आमच्याकडून कोणी बघतंय वाटलं की पाठ करायची. धाकटा दादाला म्हणाला, “दादा, हात का आखडलाय तुझा? मिठाचा काय बाजार उठलाय का?”

“बरोबर आहे ते,” दादा म्हणाला. झालं.

एक दिवस वहिनी काही कामानं दुपारपर्यंत थांबली होती, तर गर्दीत तिच्या टेबलावर एक चष्मेवाली मुलगी येऊन बसली, रोजची होती, कसलं तरी मोठं शिक्षण चाललेलं. ताट आलं. तिनं चव न बघता मिठाची बाटली उचलली नि डाळीवर, भाजीवर, भातावर असं सगळीकडे शिंपडलं, कपडे इस्त्री करताना पाणी मारतात तसं.

वहिनी म्हणाली, “अगं, आधी खाऊन तर बघ.”

“बघितलंय मावशी, तीन महिने बघतेय.”

“जास्त होईल.”

“तुम्ही आमच्या कोणाला विचारा. हल्ली दवाखान्यातल्यासारखं असतं. पेशंटचं.” मग तिला वाटलं आपण जास्त बोललो, तर म्हणाली, “पण पोळ्या मऊ असतात.”

वहिनीनं तिच्या वाटीतली एक चमचा डाळ मागून घेतली नि तोंडात घातली. तिला ती मिठागरात पडल्यासारखी लागली. मुलगी मजेत खात होती. वहिनी बघत राहिली. मग तिनं दुसऱ्या टेबलाकडे बघितलं, तिसऱ्याकडे बघितलं. सगळीकडे बाटली फिरत होती. रोज ती दार उघडलं की घरी निघून जायची, जेवणारी पोरं तिनं कधी नीट बघितलीच नव्हती. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की दादाची जीभ गेली तशी तिची पण गेली, फक्त दुसऱ्या वाटेनं, आणि तिला पत्ता नाही.

त्याच संध्याकाळी धाकट्यानं सांगितलं, सोमवारपासून एक आचारी बघायला येतोय. “दादाचं मन नाही राहिलं कामात. मी काही त्याला घालवत नाहीये वहिनी, पण पोरं उपाशी उठतात माझ्यासमोरून.”

वहिनीला रात्रभर झोप नाही. गप्प बसावं तर तीस वर्षं रांधलेला माणूस कामचुकार ठरतो. बोलावं तर त्यानं जे झाकून ठेव म्हणून तिच्याकडे दिलं तेच उघडं पडतं. दादाला विचारलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं. म्हणून तिनं विचारलं नाही.

सकाळी अकराला ती टेबलाशी बसलीच नाही. सरळ आत गेली, धाकट्याला हाक मारली नि चुलीपाशी उभी राहून म्हणाली, “भावजी, मीठ ह्यांनी कमी केलं नाही, मी केलं. ह्यांना चार वर्षं झाली, चव लागत नाही. मी सांगते तेवढं घालतात. माझी जीभ बिघडलीय.”

पोळीवाल्या बाईंचं लाटणं थांबलं. दादानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं नंतर सांगितलं, हात उचलला असता तर बरं वाटलं असतं.

धाकटा दाराच्या चौकटीला टेकला. मग म्हणाला, “चार वर्षं? आणि मी म्हणायचो वहिनीला भूक फार.” आणि डोळे पुसायला बाहेर गेला, जाताना म्हणाला, कांद्याचा वास फार येतोय इथं. कांदा कुठंच चिरलेला नव्हता.

आचाऱ्याला त्यानं येऊ नको म्हणून कळवलं. चव मी बघतो म्हणाला, पण त्याचा काही उपयोग नाही, त्याला सगळंच आवडतं. तेव्हा वहिनीनंच काढलं, पहिली जी पोरं येतील त्यांना वाटीत द्यायचं नि विचारायचं. दादा म्हणाला, “गिऱ्हाइकाला विचारायचं? मला कळत नाही म्हणून?” नि पाठ केली. तो तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. ती वाट्या घेऊन बाहेर जायची, पोरांना विचारायची, आत येऊन त्याच्या पाठीला सांगायची, “चिमूटभर हवंय म्हणतात.” पाठ हलायची नाही, हात तेवढा मिठाच्या डब्याकडे जायचा. नवव्या दिवशी म्हणाला, “कोण म्हणतं?” ती म्हणाली, “तो उंच आहे तो, झाडासारखा.” “त्याला काय कळतं,” दादा म्हणाला नि मीठ टाकलं. तिथून बोलणं सुरू झालं.

सात महिने ती असं विचारत फिरली. पोरं परत आली. मग एका सकाळी घरीच, केस विंचरता विंचरता बसली नि उठली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यात कोणाचं काही चुकलं नाही. दादानं ते दोनदा विचारून घेतलं.

हॉटेल बरेच दिवस बंद होतं. धाकटा म्हणाला, “दादा, तुला जमेल तेव्हा, नाहीतर आपण विकू.” दादा दुसऱ्या दिवशी डाळ टाकायला गेला.

साडेअकराला दार उघडलं. पोरांना सगळं कळलेलं, हळू उतरली पायऱ्या, कोणी मोठ्यानं बोलेना. आणि दादा स्वतः बाहेर आला, हातात ट्रे, पाच वाट्या. तीस वर्षांत जेवायच्या वेळी तो खिडकीच्या ह्या बाजूला कधी आला नव्हता. टेबलाशी उभा राहिला. मग म्हणाला, “मला चव लागत नाही. बघा नि सांगा.”

चष्मेवालीनं चमचा लावला, म्हणाली, “छान आहे काका.” दुसरी म्हणाली, मस्त. तिसरा नि चौथा नुसती मान हलवत होते, खाली बघून. दादा एकेकाकडे बघत होता. त्याला कळत होतं ही पोरं कशाला छान म्हणतात ते. ट्रे उचलायला वाकला.

तो झाडासारखा मुलगा पाचवा. त्यानं वाटी संपवली, ठेवली नि म्हणाला, “काका, आळणी आहे. बरीच.” चष्मेवालीनं टेबलाखालून त्याला लाथ मारली, तेवढी आवाजानं कळली.

दादा सरळ झाला. “बरीच म्हणजे किती?”

“म्हणजे मला तर चमचाभर लागेल. अख्ख्या पातेल्याला किती ते नाही सांगता येत.”

“ते मला येतं,” दादा म्हणाला. “तू रोज ये. अकराला.”

“अकराला माझा तास असतो, साडेअकराला सुटतो.”

“मग सुटल्यावर ये,” दादा म्हणाला. “डाळ थांबेल.”