वाळवलेली खडी

हेब्बाळच्या एका खासगी रस्ते-चाचणी प्रयोगशाळेत रघुपती मोहिते एकोणीस वर्षं होते, आणि एकोणीसही वर्षं कंत्राटावर. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट फोडून केलेली खडी रस्त्याखाली घालता येईल का, हे पाहण्याचं काम तीन वर्षांपूर्वी आलं. अशा खडीत चुना उरलेला असतो, आणि पावसाचं पाणी तो धुऊन तळ्यात नेतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड थरात खोलवर शिरला, तर चुना जागीच बांधला जातो. तो शिरतो का, एवढंच मोजायचं होतं. अण्णा उभ्या नळीत खडी भरत, खालून वायू सोडत आणि वर किती वेळानं पोचला ते लिहीत. वायू झरझर वर येई. त्या आकड्यांवर तळ्याकाठी शंभर मीटर रस्ता झाला. तो रस्ता कसाला उतरला तर विभागही कायम आणि अण्णाही, असं वरून कळवलं होतं. अण्णांनी घरी बायकोला, कावेरीअक्कांना, सांगूनही टाकलं.

वर्षभरानं रस्त्यात चार खड्डे खणले. आत फवारायचं रसायन चुना मोकळा असेल तर गुलाबी होतं, बांधला गेला असेल तर रंग येत नाही. फवारणी अण्णांनीच केली. वरचा चार बोटं जाडीचा थर कोरा राहिला. खाली सगळं गुलाबी.

“होळी लवकर आली की अण्णा,” रोलरवाला म्हणाला. अण्णांनी दुसरा खड्डा फवारला, मग तिसरा.

पुण्याहून नव्यानं आलेल्या इंजिनिअर भार्गवी जवळ आल्या.

“अण्णा, नळीत भरताना खडी कशी असायची?”

“चोवीस तास ओव्हनमध्ये वाळवलेली.”

“प्रत्येक वेळी?”

“ओली खडी कोण मोजतं, मॅडम?”

वजनाआधी खडी वाळवायची, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा. पण रस्ता करताना पाणी मारून रोलर फिरवतात. बारीक छिद्रं पाण्यानं भरली की वायूला वाट उरत नाही. नळीतले सगळे आकडे खरे होते, पण ते कोरड्या नळीचे. फायलीवर प्रयोगशाळेतल्या आम्हा सहा जणांच्या सह्या होत्या. खडी ओली असेल तर काय, हे कुणीही विचारलं नव्हतं.

अण्णांनी एवढंच मागितलं, की अहवालात चूक आपल्या नावावर लिहावी. खडी अंथरण्याआधी मोकळ्या हवेत ठेवून पाहिली, तर चुना आधीच बांधला जाऊन कदाचित चालेलही, असं ते म्हणाले.

“त्याला अजून दोन वर्षं लागतील, अण्णा. काम इथंच थांबलंय,” भार्गवी म्हणाल्या.

“मग खडी वाईट, असं तरी लिहू नका.”

अहवालात ‘साहित्य अयोग्य’ असं आलं. चूक कुणाचीच नोंदली गेली नाही. पुढच्या आठवड्यात आवारातला खडीचा ढीग ट्रकनं जुन्या खाणीत टाकायला नेला. कंत्राट संपायला अकरा दिवस होते. अण्णांनी नळ्या धुतल्या आणि घरी अजून काही सांगितलं नसल्याचं मला सांगितलं.