कोलोनची दुसरी रेघ

“दुसरी रेघ कुठाय? दुसरी रेघ कोणी खाल्ली?” माझ्या बायकोच्या मैत्रिणीचा नवरा टोकियोत, तोयोसुतल्या आमच्या ऑफिसात, बाराव्या मजल्यावर, ठणठणीत मराठीत ओरडत होता आणि समोरचे चौदा जपानी, एक अक्षरही न कळता, उभे राहून त्याची माफी मागत होते. त्या मजल्यावर याआधी आवाज केला होता तो फक्त भूकंपाने, आणि त्यानेही बेतानेच. पृथ्वी स्वतःभोवती फिरायला शिकली ती या माणसाकडे बघून, असं माझं प्रामाणिक मत आहे. फरक एवढाच, की पृथ्वीला चोवीस तास लागतात.

हिगाशी-कसाईत आम्ही एकाच इमारतीत राहायचो, त्यामुळे हे फिरणं मी जवळून पाहिलंय. सकाळी फलाटावर सगळं टोकियो दोन रांगांत पुतळ्यासारखं उभं असतं. हा गाडी येईपर्यंत सात वेळा रांग बदलायचा आणि शेवटी पहिल्याच रांगेत, पण दहा माणसं मागे, उभा असायचा. आमच्याकडे जेवायला आला की ताट हातात घेऊन बाल्कनीपर्यंत आमटी आणि परत येताना भात, असा प्रवास. बायको म्हणायची, याला वाढायचं म्हणजे पाठलाग करावा लागतो. एकदा कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, दूध आणायला गेला आणि दाराशी हाताने लिहिलेल्या पाटीवर येनच्या चिन्हाला दोनाऐवजी एकच आडवी रेघ दिसली, म्हणून काउंटरवरच्या मुलीकडून पेन मागून स्वतः दुसरी ओढली. ती मुलगी तीन वेळा वाकली. हा चार वेळा वाकला. दूध तिथेच राहिलं.

चिन्हांचं हे वेड त्याच्या कामातून आलं होतं. एका बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग आमच्याकडे होतं. हुशार लोकांनी डॉलर आणि युरो पटकावले, आणि ताटाच्या कडेला उरल्यासारखी मध्य अमेरिका याच्या वाट्याला आली. दुसरा कोणी असता तर दोन दिवसांत उरकून मोकळा झाला असता. याने त्या देशांशी सोयरीकच जुळवली. ग्वाटेमालाच्या चलनाला एका पक्ष्याचं नाव आहे, होंडुरासच्या चलनाला परक्यांशी लढलेल्या एका सरदाराचं, आणि पनामाची नाणी स्वतःची असली तरी नोटा मात्र अमेरिकेच्या चालतात, हे आमच्याकडच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही पाठ झालं होतं. पण जीव जडला तो कोस्टा रिकाच्या कोलोनवर. नाव कोलंबसावरून आलेलं. चिन्ह म्हणजे इंग्रजी सी, त्याच्या पोटातून गेलेल्या दोन तिरक्या रेघा. त्यांच्या एका नोटेवर स्लॉथ आहे, म्हणजे दिवसभरात चार फांद्या सरकला तरी दमणारा प्राणी. जगातल्या सगळ्यात अस्वस्थ माणसाने त्या नोटेचं चित्र आपल्या मॉनिटरला चिकटवलं होतं. “बघ, काय स्थिर बसलाय,” असं म्हणेपर्यंत हा स्वतः दुसऱ्या टेबलाशी पोचलेला असायचा.

तर त्या दिवशी झालं असं, की बँकेच्या जुन्या प्रिंटरच्या अक्षरसंचात कोलोनचं चिन्हच निघालं नाही. तेव्हा कोणा सज्जनाने त्याजागी दिसायला जवळचं म्हणून सेंटचं चिन्ह बसवलं. सी तोच, रेघ मात्र एक. त्या बँकेतून कोस्टा रिकाला पैसे पाठवणारा माणूस अजून जन्मायचा होता, त्यामुळे कोणाचंच बिघडत नव्हतं. पण तपासणीच्या कागदावर याच्या नावाचा शिक्का, म्हणजे तिकडची सही, पडल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरू होणार नव्हतं, आणि हा शिक्का खिशात घालून मजलाभर फिरत होता. “उद्या आपल्या रुपयाची एक रेघ कोणी उडवली, तर तू सही करशील?” असं त्याने मला विचारलं. मी केली असती.

संध्याकाळी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आमच्याकडे आल्या. बसल्या, पण चहाला हात लावला नाही. नवऱ्याचं कंत्राट डिसेंबरअखेर संपत होतं, आणि सॉफ्टवेअर वेळेत सुरू झालं तरच ते वाढणार होतं. नाहीतर जानेवारीत पुणं. लेक सहावीत, म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. मार्चमध्ये शाळेचा निरोप समारंभ होता आणि वर्गाच्या गाण्याला पियानो वाजवायला तिची निवड झाली होती. “भाऊजी, ती घरी कागदावर पट्ट्या काढून वाजवते,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना सांगा, एक शिक्का मारा म्हणावं.”

मी सांगितलं. इमारतीभोवती अकरा चकरा त्याच्या बरोबरीने चालत सांगितलं. बाराव्या चकरेला तो म्हणाला, “मारतो.”

आता त्या बँकेतली रीत सांगायला हवी. कागदावर ओळीने चौकोन असतात, डाव्या टोकाला साहेबाचा. हाताखालच्यांनी आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे आपलं नाव साहेबाच्या नावाला वाकून नमस्कार करतं. कोणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं. दुसऱ्या दिवशी याने उभ्या उभ्या शिक्का मारला आणि कागद पुढे गेला. तासाभराने बँकेचे विभागप्रमुख, म्हणजे डाव्या चौकोनातले साहेब, स्वतः आमच्या मजल्यावर आले. आठ नावं डावीकडे वाकलेली आणि आमच्या गृहस्थाचं नाव उजवीकडे, म्हणजे साहेबाकडे चक्क पाठ करून. त्यांच्या सबंध नोकरीत कुठल्या शिक्क्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली नव्हती. ते रागावले नाहीत. ज्याअर्थी पाठ फिरवली त्याअर्थी काही गंभीर असणार, असं म्हणून त्यांनी सगळं काम थांबवलं आणि खुर्ची ओढून विचारत बसले. सेंट सापडला. तारीख तीन आठवडे पुढे गेली. प्रिंटरसाठी एका माणसाने कोलोनचं चिन्ह नव्याने काढलं, दोन्ही रेघांसकट.

तारीख चुकली म्हणून कंत्राट पुढच्या वर्षासाठी वाढलं नाही. पण दुरुस्ती तपासायला आणि सुरुवातीला नजर ठेवायला माणूस हवा, म्हणून याला मार्चअखेरपर्यंत ठेवलं. लेकीने पियानो वाजवला. सगळे पालक घडीच्या खुर्च्यांवर ताठ बसले होते, आणि शाळेने पाहुण्यांना दिलेल्या चपला घातलेला एक बाप मागच्या भिंतीलगत, आवाज न करता, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. गाणं संपेपर्यंत त्याच्या किती फेऱ्या झाल्या ते मी पाहिलं नाही. माझेही डोळे तेव्हा धड नव्हते.

आता तो मजला अगदी शांत असतो. कोणी काही विचारलं की विचारणारा जिथे असतो तिथेच सापडतो, आणि याची मला अजून सवय होत नाही.

मार्चअखेर ते पुण्याला निघाले, तेव्हा विमानतळावर लेक मैत्रिणींना जपानीत निरोप देत होती, वहिनी बॅगांवर बसल्या होत्या आणि हा सामानाच्या पट्ट्याजवळ येरझाऱ्या घालत होता. त्याला गाठून मी विचारलंच, की तो शिक्का मुद्दाम उलटा कलवलास का रे.

“हात हलला,” तो म्हणाला.