फाइलला लॉक लावून मी लग्नाला गेले

फाइलला लॉक लावून मी नेरला लग्नाला गेले होते. आता नात हे ऐकून हसत लोळते. तेव्हा मात्र मी स्वतःला फार शहाणी समजायचे.

यवतमाळात आम्ही दोघी एका जिनिंगचं टोकनचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. कापसाची कोणती गाडी आधी वजनकाट्यावर जाणार, ते त्यावर ठरायचं. आमच्या जुन्या व्यवस्थेत एकीने फाइल लॉक केली की दुसरीला तिच्यात हात घालता येत नसे. लॉक काढायचा हक्क फक्त माझा. का, तर मी पन्नाशीची जाणती, आणि माझी सहकारी आर्णीची, काल आलेली पोरगी! "एका चुलीपुढे एकच बाई बरी," असं वर तिला ऐकवायचेही.

मांडवात अक्षता पडत होत्या आणि तिचा फोन आला.

"मॅडम, एकाच नंबरचे दोन-दोन टोकन निघून राह्यले! गेटवर लोकं एकमेकाच्या अंगावर जाऊन राह्यले. दुरुस्ती करून ठेवली मी, पन फाइलले तुमचं लॉक हाये."

"माझ्या कॉम्प्युटरवरून काढ."

"पासवर्ड सांगा ना!"

पासवर्ड म्हणजे नवऱ्याचं नाव. लग्नानंतर उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं. बॅन्डच्या दणदणाटात ते मी तीनदा ओरडले. अख्खं वऱ्हाड वळून पाहत होतं.

त्या दिवशी निभावलं. पण जिनिंगच्या मालकांनी बजावलं, "अजून एकदा रांग बिघडली तं तुमचं सॉफ्टवेअर बंद. आपल्या कागदाच्या चिठ्ठ्या बऱ्या."

दुसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, "गिटवर जाऊ." गिट म्हणजे प्रत्येकीचे बदल वेगळे नोंदवून ठेवणारी नवी व्यवस्था; तिथे दोघी एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहू शकतात. तिने माझं खोडलं, मी तिचं खोडलं, तर पुन्हा रांगेत हाणामारी, आणि आमचं काम कायमचं गेलं.

"ऐन हंगामात नको. उन्हाळ्यात पाहू," मी म्हटलं.

"अन् तवरोक तुमच्या घरची किती लग्नं हायेत?"

चार दिवस मी हो-नाही करत राहिले. शेवटी रविवारी, खरेदी बंद असताना, वर्षानुवर्षांचे बदल गिटमध्ये हलवले. एकेक बदल मी दोनदा तपासला.

सोमवारी गेट उघडायला अर्धा तास उरला होता. बाहेर गाड्या लागलेल्या. मी रांगेच्या फाइलमधला माझा बदल चढवायला गेले, तर पडद्यावर 'कॉन्फ्लिक्ट'. त्याच ओळी तिनेही बदलल्या होत्या.

"गेलं! तुझं सगळं गेलं माझ्या हातून!"

तिने खुर्ची ओढली, पडदा वाचला.

"काहून ओरडता, मॅडम? कोनाचंच गेलं नाही. हे तुमचं, हे माहं. बसा इथं, अन् सांगा, कोनतं ठेवाचं?"