निर्ण्याच्या शेळ्या

निर्णा गावच्या त्या शेळ्या कशा मेल्या हे आठवले की आजही माझे डोके तापते. निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस कारवाईला तीन-चार वर्षे झाली होती. मी हुमनाबाद भागात अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार, होतो.

एका सकाळी हजेरी चालू असताना निर्ण्याची एक विधवा अक्का ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. आठवडाभरात तिच्या दोन शेळ्या गेल्या होत्या. जमादार म्हणाला, रोग असेल, जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. मीही मान डोलावली. ती हलली नाही.

"रोग न्हाई साहेब. एक शहरातला माणूस ताकदीचं औषध म्हणून गुळातून पूड चारायलाय. शेळी तडफडायली अन् ह्यो घड्याळ धरून वहीत लिहायला. पाणी पाजाय गेले तर माझा हात धरला."

मी हजेरी तिथेच थांबवली.

तो माणूस हुमनाबादेत खोली घेऊन राहत होता. पंचांसमक्ष झडती घेतली. कवटीचे चित्र असलेला डबा, लहान तराजू, वही आणि पत्रकांचे गठ्ठे मिळाले. पूड उंदीर मारायची, फ्लोरिनपासून केलेली, बाजारात नवीनच आलेली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले, हिला वास नाही, चव नाही आणि उताराही नाही.

चौकशीत तो पायावर पाय टाकून बसला. तो एका कंपनीचा एजंट होता. नमुन्याची पूड कोणीतरी चोरली असेल, म्हणाला. शिकलेला माणूस दमदाटीला भीत नाही, स्वतःच्या अक्षराला भितो. मी वही पुढे सरकवली आणि मोठ्याने वाचायला लावली. काळी शेळी, वजन, मात्रा, झटके कधी सुरू झाले, जीव कधी गेला. तिसऱ्या पानावर त्याने वही मिटली. मग मी पत्रक ठेवले. मराठी, कानडी आणि उर्दूत छापले होते, 'गुराढोरांना अपाय नाही.' त्यावरची छपाईची तारीख वहीतल्या पहिल्या नोंदीच्या आधीची होती.

तेव्हा तो बोलला. किती पुडीने जनावर मरते हे कंपनीच्या मालकांना गुपचूप जाणून घ्यायचे होते. शहरात अशा चाचणीला परवानगी लागते, कागद लागतात.

"इथं कोण विचारणार होतं, साहेब?"

मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. ते वर राहिले असते तर वाईट झाले असते.

त्या पुडीचे डबे आधीच औरादच्या बाजारात विकले गेले होते. दवंडी पिटवून आम्ही घरोघरी डबे गोळा केले. एका घरात डबा चुलीजवळच्या फळीवर मिठाला लागून ठेवलेला होता.

कोर्टात कंपनीने हात झटकले. एजंटाला जनावरे मारल्याबद्दल किरकोळ शिक्षा झाली. अक्काला काही सांगायचे आहे का, असे विचारले गेले.

"शेळ्यांचं जाऊ द्या. आमच्याच गावात कामून केलं, तेवढं त्येला इचारा."

तो प्रश्न खटल्याशी संबंधित नाही, असे तिला सांगण्यात आले. उत्तर माझ्या तपासाच्या कागदांत होते, पण ते वाचायची कोणाला गरज वाटली नाही.

मी पुढे खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यातले बहुतेक जण मरणाऱ्याकडे पाठ करून पळाले होते. हा पळाला नाही, बसून वेळ लिहीत राहिला. आणि कायद्याने त्याला फक्त शेळ्यांचा जाब विचारला.